तुझी पट्टी पांढरी चार

शिवकन्या,

तुझ्या शोकसभेत तुझा आवाज लावला आणि तुझ्या अव्वानं विचारलं, "ही कोण गातीय?"

पहिल्या रांगेत बसून, मोठ्यानं विचारलं. टेबलावर तुझा फोटो होता, हार होता. विभागप्रमुख सर माईकजवळच होते. ते वाकून म्हणाले, "आई, तुमचीच शिवकन्या आहे. परीक्षेचं रेकॉर्डिंग आहे तिचं."

अव्वानं अजून थोडं ऐकलं आणि मान हलवली. "गवळण माझी हाय. म्याच शिकविली. पण हा गळा माझ्या लेकीचा न्हाई."

सगळ्यांना वाटलं, दुःखानं बाईचं भान गेलंय. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. एक मॅडम तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. गाणं चालूच राहिलं, पातळ, गोड, वरच्या वर. बाई शंभर टक्के बरोबर बोलतेय हे त्या भरलेल्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी तोंड उघडलं नाही.

विभागाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून दे असं मला सांगितलंय. मनमिळाऊ, हसतमुख, गुणी. शिवे, तू मनमिळाऊ कधी होतीस? पहिल्या दिवशी भांडलीस, शेवटच्या फोनवर भांडलीस, आणि आपलं खरं भांडण अर्धवट टाकून निघून गेलीस. तेव्हा चार शब्दांत भागणार नाही. आणि जे लिहितेय ते अंकात घेणार नाहीत हेही मला माहीत आहे. दुसरीकडं पाठवीन.

आपलं विद्यापीठ नांदेडच्या बाहेर, माळावर. संगीताच्या विभागात गायनाची मुलं एका मजल्यावर, संगीतनिर्मितीची, म्हणजे आम्ही मशीनवाले, खालच्या मजल्यावर. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी जोड्या लावायच्या. एक गाणारा, एक रेकॉर्ड करणारा. चिठ्ठ्या टाकल्या, मला तुझी चिठ्ठी निघाली. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. बघायला फार वेळ लागला नाही, कारण मी आहेच बुटकी.

"तू मशीनवाली का? बाई असून?"

"आणि तू गाणारी का? बाप्या असून?"

वर्ग फुटला हसून. तू सगळ्यांत जोरात हसलीस. तुझा आवाज होताच तसा, खालचा, भरलेला, माठात बोलल्यासारखा. मेसवाल्याला फोन केलास की तो म्हणायचा, "बोला साहेब, किती डबे?" तू पण साहेबासारखीच सांगायचीस, "दोन पाठवा. भाजी कालचीच असली तर नको."

तो गळा अव्वाकडून आलेला. तुमच्या निलंग्याकडं कानडी शेजारीच, म्हणून तू आईला अव्वा म्हणायचीस. दिवसा शाळेत खिचडी शिजवणारी तुझी अव्वा संध्याकाळी भजनी मंडळात पुरुषांत बसून गाते. ती आली की पेटीवाला न विचारता पांढरी चारवर बोट ठेवतो. तू त्याच पट्टीत वाढलीस. पट्टी म्हणजे काय हे वाचणाऱ्याला सांगते: गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या बटणावर बसतो, ती त्याची पट्टी. देवानं दिलेला गळा जिथं आरामात बसतो तिथं तो बसतो, आपल्या हातात काही नसतं.

विभागाच्या मात्र हातात होतं. मुलांची काळी एक, मुलींची काळी चार. परीक्षेसाठी पेटी-तबल्याचे ट्रॅक दोनच करून ठेवलेले. वादक सारखे सारखे कुठून आणणार? सगळ्या मुलींनी त्या एकाच ट्रॅकवर गायचं. तू पहिल्याच आठवड्यात हात वर केलास, "सर, मला ही पट्टी बसंना." सर म्हणाले, "मुलीचा गळा इतका खाली नसतो. आळस आहे तो. रियाज वाढव, चढेल."

तीन पट्ट्यांचा फरक. काळी चार नि पांढरी चार यांच्यात पेटीवर बोटभर अंतर आहे. तुझ्या गळ्यात ते जिन्याएवढं होतं.

मी सरांच्या बाजूनं होते. आता लपवून काय उपयोग? आपण कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसून रोज हेच उगाळायचो.

"काळी चारवर गायले तर वरच्या सुरांना काय करू? किंचाळू?"

"किंचाळ. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. पुढं जन्मभर तुझ्या पट्टीत गा."

"तुला कुणी म्हणलं, ए वर्षे, आधी वीतभर उंच हो, मग डिग्री देतो, तर होशील का?"

"टाचा उंच करीन."

"हाव, तू करशीलच."

ते मला लागलं होतं. लागायचं कारण खरं होतं म्हणून. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं मी पहिलं माणूस. लोह्यात, आमच्या गावी, माझ्या अण्णांचा मंडप नि लाऊडस्पीकरचा धंदा. मी वायरींच्या भेंडोळ्यांत वाढले. अण्णा चौथी शिकलेले, पण गावात कुणाचा कर्णा फाटका वाजतोय हे रस्त्यावरून जाताना सांगतात. त्यांची पोरगी ह्याच विषयात पदवी घेणार, हे ते पानटपरीवर, बसमध्ये, अनोळखी माणसालाही सांगायचे. मला पदवी पाहिजे होती, शिवे. मला तिची लाज नाही. टाचा उंच करून मिळाली असती तरी घेतली असती.

आणि तू माझ्यासाठी काय केलं होतंस तेही सांगते. त्या वर्षाच्या पहिल्या सत्रात स्टुडिओत मिक्सरसमोर मुलं मला बसू देत नव्हती. "वर्षा, तू वही लिही, आम्ही हात लावतो." माईकसमोर सगळ्यांना तू पाहिजे होतीस, कारण तुझ्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. तू आत आलीस, हेडफोन गळ्यात अडकवलास आणि म्हणालीस, "खुर्चीवर ती बसली तर मी गाणार. न्हाई तर तुमच्यापैकीच कुणी गा." पोरं उठली. त्या दिवसापासून ती खुर्ची माझी. एवढ्यावर मी शिकले. तुझ्या आवाजावर शिकले: माईक कुठं ठेवायचा, श्वास कुठं कापायचा नाही, खालचा सूर खोलीत कसा घुमतो.

आणि त्याच खुर्चीत बसून मी ते केलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आपण काचेच्या अलीकडून पलीकडून भांडलो. मी म्हणत होते काळी चार, तू म्हणत होतीस नाही. शेवटी मी हार मानली. साथीचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये तीन पट्ट्या खाली आणला आणि तुला म्हणाले, गा. तू गायलीस, अव्वाची गवळण, एका दमात, एकही जागा न सोडता. काचेतून मी बघत होते. मला माहीत होतं की वर्गात कुणाचंच रेकॉर्डिंग असं होणार नाही.

तू बसस्टँडला गेलीस. आणि त्याच दुपारी मी तुझा आवाज उचलला, तीन पट्ट्या वर नेला, मूळ ट्रॅकवर बसवला, कडा घासल्या, जोड कळू नये असं केलं. सरांनी सांगितलं होतं, दुसऱ्या पट्टीतलं तपासणार नाही. मी स्वतःला म्हणाले, शिवकन्येचंही नुकसान वाचवतेय. खोटं. माझं वाचवत होते. काम मात्र इतकं सफाईदार झालं की मला अभिमान वाटला. हे लिहिताना हाताला चटका बसतोय, पण वाटला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मोठ्या स्पीकरवर गवळण लागली. तू माझ्या शेजारी होतीस. पहिल्या ओळीला तू माझ्याकडं बघितलंस. दुसऱ्या ओळीला बघणं बंद केलंस.

"वा!" परीक्षक म्हणाले. "काय गोड गळा आहे! बेटा, रियाज किती करतेस?"

सर म्हणाले, "आधी फार खाली गायची. मी म्हणायचो, चढेल."

तू तोंड उघडलंस. मी माझी वही इतकी घट्ट धरली की स्पायरल बोटांत रुतली. तू तोंड मिटलंस. मग म्हणालीस, "करते, सर."

दोनच शब्द. बाहेर जिन्यात मी तुझा दंड धरला.

"शिवे, ऐक तर."

"मार्क कुणाला दिले त्यांनी?"

"तुलाच."

"मला न्हाई. आत जी गात होती तिला दिले. तिची गाठ पडली की सांग, मार्कशीट न्यायला ये मनावं."

"मग बोलली का नाहीस तिथं?"

"बोलले असते तर तू नापास. तुझा बाप नवा शर्ट शिवून बसलाय मनून गप बसले. उपकार समजू नको. भांडण राहिलंय आपलं."

वर्गात सगळ्यात जास्त मार्क आपल्या जोडीला. पदवीदानाला अण्णा नवा शर्ट घालून आले, तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुझ्या गळ्यानं माझ्या लेकीचं सोनं केलं." तू त्यांच्या पाया पडलीस आणि माझ्याकडं बघून डोळा मारलास. इतकी दुष्ट होतीस तू. इतकी चांगली होतीस.

त्यापुढचं मला नंतर कळलं, थोडं थोडं, फोनवर. ते रेकॉर्डिंग विभागानं इंटरनेटवर टाकलं, आमच्या विद्यार्थिनीचा आवाज म्हणून. ते ऐकून लातूरच्या गायनाच्या क्लासनं तुला नोकरी दिली. आणि पहिल्या दिवसापासून मालक म्हणायला लागले, "मॅडम, त्या गवळणीसारखं गा." दिवसभर काळी चारवर लहान पोरींना शिकवायचं, कार्यक्रमात काळी चारवर गायचं. तू ज्येष्ठमध चघळत फोन करायचीस. तुझा तो भरलेला आवाज कडेनं फाटत चाललेला मला ऐकू यायचा. तो ऐकणं हाच माझा धंदा आहे. आणि मी काय सांगायची? वाफ घे. वाफ!

मी लोह्यात अण्णांच्या गोदामामागं खोली बांधून स्टुडिओ केला. एक दिवस तू म्हणालीस, "वर्षे, भांडण मिटवायचं का? एकदा माझ्या पट्टीत नीट कर. मग तुला माफ करायचं का न्हाई ते बघते." मी उड्या मारल्या. दोन रविवार ठरले, दोन्ही तुझ्या क्लासनं खाल्ले. तिसऱ्या रविवारच्या आधी तुझा फोन.

"ह्या रविवारी बी जमंना गं. ताप हाय."

"तुला कधी जमलंय?"

"खरंच हाय. शनिवारी क्लासचं गॅदरिंग, ते झालं की दवाखान्यात जाते."

"गॅदरिंगला उभं राहायला ताप नाही, माझ्याकडं यायचं म्हणलं की ताप. राहू दे. येऊच नको आता."

तू हसलीस. "बरं. न्हाई येत." आणि ठेवलास.

शनिवारी तापात उभी राहून तू गायलीस. सोमवारी दवाखान्यात नेलं. डेंग्यू म्हणाले. बुधवारी अव्वाचा फोन आला नाही, तुझ्या मामाचा आला.

मला तुझा इतका राग आहे, शिवे, की मी अजून नीट रडलेले नाही. ताप अंगावर काढायला कुणी सांगितलं होतं? सगळा हट्ट पट्टीसाठीच ठेवला होतास? एकदा दवाखान्यात जायचा हट्ट करायचास. मालकाला म्हणायचंस, न्हाई गाणार. तुला नाही म्हणता येत होतं! आख्ख्या विभागात एकट्या तुलाच येत होतं. आणि राग माझाही आहे. तुला ताप आहे हे ऐकून आधी दवाखान्यात जा म्हणायला माझी जीभ झडली होती का? मी रविवार मोजत बसले होते.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी मी निलंग्याला गेले, लॅपटॉप घेऊन. मी जुन्या फाइली पुसत नाही, अण्णा वायरीचा तुकडा टाकत नाहीत तसं. मूळ रेकॉर्डिंग होतं. मी आधी ऐकलं नव्हतं, धीर झाला नाही. अव्वाच्या समोरच लावलं. आणि गाण्याआधी आपणच बोलायला लागलो. काचेच्या पलीकडं बोलायचा माझा माईक चालू राहिला होता, सगळं तुझ्या हेडफोनमधून तुझ्या माईकमध्ये उतरलेलं.

"शिवे, वर घे ना गं. काळी चारच लावू."

"न्हाई घेणार."

"सर तपासणार नाहीत."

"नको तपासू दे. मी माझ्याच पट्टीत गाणार. न्हाई तर हे डोक्यावरचं काढते अन् जाते गावाला."

"बरं बाई. तुझ्या पट्टीत. जशी गाशील तसंच देऊ."

"शप्पथ?"

"शप्पथ. गा आता."

तू घसा साफ केलास आणि गायलीस. अव्वानं सवयीनं मांडीवर ताल धरला. एका जागी तू जरा लवकर उतरलीस तर ती पुटपुटली, "थांब की थोडं." संपल्यावर ती म्हणाली,

"हाव. ही हाय माझी."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू लई बोलतीस गं मधी मधी."

"कापून देऊ का, अव्वा? मिनिटाचं काम आहे."

"नको. ती बी बोलतीय की त्यात." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तू म्हणलीस जशी गाशील तसंच देऊ. मग का न्हाई दिलं?"

विद्यापीठात मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. मी म्हणाले, "मला पदवी पाहिजे होती."

"मिळाली का?"

"मिळाली."

"मग आता तिचं तिला दे."

मी सरांकडं गेले. सांगितलं सगळं. मी म्हणाले, ते खोटं रेकॉर्डिंग काढा आणि मूळ लावा. सर वाईट माणूस नाहीत, शोकसभेत ते खरे रडले होते. त्यांनी दार लोटून घेतलं. "वर्षा, हे लेखी दिलंस तर परीक्षेत फेरफार केल्याची कबुली होते. तुझ्या पदवीवर येईल. असं कर, लिही की गायिकेच्या संमतीनं तांत्रिक बदल केला होता. मग नियमात बसतं. मी रेकॉर्डिंग बदलून घेतो, तुझंही वाचतं. आणि ती काय आता नाही म्हणायला येणार आहे?"

माझ्या भल्यासाठीच बोलले. म्हणूनच मला त्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. मेलेल्या माणसाची संमती काढणं किती सोपं आहे! जिवंत होतीस तेव्हा आम्ही तुला विचारलं, तू नाही म्हणालीस, आम्ही ऐकलं नाही. आता विचारायचीही गरज नाही. आणि खरं सांगते, शिवे, मी त्यांना तिथल्या तिथं नकार दिला नाही. विचार करते म्हणाले. नांदेडहून लोह्यापर्यंत बसमध्ये ते वाक्य मनात लिहून बघितलं. फार गुळगुळीत होतं.

घरी अण्णा वायर गुंडाळत होते. मी काय केलं ते सांगितलं, पदवी जाऊ शकते हे सांगितलं. हेही सांगितलं की तिची संमती होती असं एक वाक्य लिहिलं तर राहू शकते.

अण्णांनी वायर खाली ठेवली. "पोरगी न्हाई म्हणली होती का?"

"हाव."

"मग न्हाई असंच लिही."

भिंतीवर फ्रेम आहे. त्यांनी तिकडं बघितलं नाही, मी बघितलं. ती पदवी मी कष्टानं मिळवली, शिवे. एक दुपार सोडली तर तिच्यातला प्रत्येक दिवस माझा आहे, आणि ती गेली तर मी भांडणार आहे. पण त्या एका दुपारचं मी तुझ्या नावावर टाकणार नाही.

काल विद्यापीठात अर्ज दिला. आवक खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, पोच दिली. विषय, संदर्भ, सगळं रीतीप्रमाणं. खाली एवढंच लिहिलंय:

"सदर ध्वनिमुद्रणातील आवाजाची पट्टी मी बदलली. गायिकेची संमती नव्हती. गायिकेने स्पष्ट नकार दिला होता, तो मूळ फाइलमध्ये ऐकू येतो. सोबत मूळ फाइल जोडली आहे. कापलेली नाही."